उन्हाळी परकर: आधी कंबर, मग घेर, रंग शेवटी

घरात राबणाऱ्या बाईच्या अंगावर दिवसातले सगळ्यांत जास्त तास कोणता कपडा असतो, असं विचारलं तर बहुतेक जण साडी म्हणतील. खरं उत्तर परकर हे आहे. साडी बदलली जाते, सोडली जाते, तिचा पदर सैल करता येतो. परकराची नाडी मात्र सकाळी बांधली की रात्रीपर्यंत तशीच राहते, आणि पुष्कळ घरांत रात्रीही सुटत नाही. तरीही दुकानात सगळ्यांत कमी विचार करून घेतला जाणारा कपडा तोच. साडीचं टोक काउंटरवर ठेवायचं, त्याला जुळणारा रंग काढून घ्यायचा, उंची पुरेल ना एवढं विचारायचं, की खरेदी संपली. कापड कसलं, घेर किती, नेफा किती रुंद, हे क्वचितच कोणी विचारतं.

बीडसारख्या जिल्ह्यात ही हयगय अंगावर निघते. एप्रिल-मे महिन्यांत इथला पारा ४० अंशांच्या वर जातो. गेवराई-माजलगावच्या काळ्या रानात काय आणि बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या पाटोदा-आष्टीकडे काय, दुपार सारखीच भाजून काढते. पत्र्याच्या घरात, चुलीपुढे किंवा गॅसपुढे, भर उन्हात पाण्याच्या खेपा करताना अंगावरचा कपडा पायांना चिकटतो. सगळ्यांत वाईट हाल कमरेचे होतात. घामोळं उठतं ते नेमकं नाडीच्या रेषेवर, आणि खाज सुटते तीही तिथेच.

साडीखालचा परकर असो, मुलीबाळींचा स्कर्ट असो की घरात कुर्त्याखाली घालायचा घेरदार घागरा असो, उन्हाळ्यातलं त्याचं सुख तीन गोष्टींवर ठरतं: कापड, घेर आणि कंबर. या तिन्ही गोष्टी तयार कपड्यात दुसऱ्याने ठरवलेल्या असतात. घरी शिवणारीच्या मात्र त्या पूर्ण हातात असतात. परकर हा शिवणकामातला सोप्यातला सोपा कपडा. त्यात बाही नाही, गळा नाही, टक्स नाहीत. म्हणून निदान हा एक कपडा तरी प्रत्येकीच्या मापाचा असायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

घाम वाळला तरच गारवा

आपल्या कातडीचं तापमान साधारण ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून थंड असते तोवर शरीरातली उष्णता आपोआप बाहेर पडते. पारा ४० च्या वर गेला की उलटं होतं. आता हवाच अंगापेक्षा गरम असते आणि ती उष्णता आत ढकलू लागते. अशा वेळी शरीराजवळ एकच उपाय उरतो, तो म्हणजे घाम. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत घेऊन जातो. पण तो वाळायला हवा. निथळून जमिनीवर पडलेला घाम गारवा देत नाही. कपड्याखाली कोंडलेला घामही देत नाही, तो फक्त कातडी भिजवून मऊ करतो, आणि मऊ पडलेली कातडी लवकर सोलवटते.

मराठवाड्याचा उन्हाळा कोरडा असतो, ही त्यातल्या त्यात जमेची बाजू. कोकणातल्या दमट हवेत घाम वाळायला वेळ लागतो. बीडला तो भराभर वाळतो, पण त्याला वाट मिळाली तरच. ही वाट करून देणं हे कपड्याचं काम.

वाळवंटात राहणारे बेदुइन लोक रणरणत्या उन्हात काळे झगे कसे घालतात, हे कोडं काही संशोधकांनी १९८० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात सोडवून दाखवलं. नेगेवच्या वाळवंटात त्यांनी काळे झगे आणि पांढरे झगे घालून मोजमापं घेतली. काळा झगा जास्त तापतो, हे खरंच निघालं. पण कातडीपर्यंत पोचणारी उष्णता दोन्ही झग्यांत सारखीच होती. झगा सैल असल्यामुळे आतली हवा सतत हलत होती, आणि कापडाने ओढून घेतलेली जादा उष्णता अंगापर्यंत येण्याआधीच बाहेर जात होती. म्हणजे रंगापेक्षा सैलपणाने जास्त काम केलं.

घेरदार परकर लोहाराच्या भात्यासारखा चालतो. पाऊल पुढे पडलं की खालून हवा आत ओढली जाते, दुसरं पाऊल पडलं की ती बाहेर फेकली जाते. पायांना घट्ट बसणाऱ्या परकरात ही हालचालच होत नाही. आजकाल साडी चापूनचोपून बसावी म्हणून ताणल्या जाणाऱ्या कापडाचे अंगाबरोबर बसणारे परकर मिळतात. लग्नाच्या दोन-तीन तासांसाठी ते ठीक आहेत. मे महिन्यातल्या रोजच्या वापराला ते घातले तर घामाची वाट आपणच बंद केल्यासारखं होतं.

घेर हवा म्हणून कमरेवर ढीगभर चुण्या घातल्या तर त्याचाही त्रास होतो. कापडाचे चार-पाच थर एकावर एक बसतात, आणि जिथे मोकळं ठेवायचं तिथेच जाड वळी तयार होते. म्हणून उन्हाळ्यासाठी कळ्यांचा परकर चांगला. कळी म्हणजे वर अरुंद आणि खाली रुंद असा उभा तुकडा. अशा कळ्या जोडल्या की कमरेवर कापड कमी राहतं आणि पायांशी घेर भरपूर मिळतो. जुन्या शिंप्यांनी ही युक्ती फार पूर्वी काढली, आणि तिच्याहून चांगली युक्ती अजून कोणी काढलेली नाही.

कापूस आपला, कापड कुठलं?

बीड हा कापसाचा जिल्हा. दिवाळीच्या आगेमागे गेवराई, माजलगावकडच्या रस्त्यांवर कापसाने भरलेली वाहनं जिनिंगकडे जाताना दिसतात. सरकी वेगळी होते, रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि जिल्ह्याबाहेर जातात. पुढे त्याचं सूत कुठे निघतं आणि कापड कुठे विणलं जातं, ते पिकवणाऱ्याला कळत नाही. त्याच घरातली बाई बाजारातून पॉलिस्टरमिश्रित परकर घेऊन येते, कारण तो स्वस्त असतो, चुरगळत नाही आणि लवकर वाळतो. रानात कापूस वेचणाऱ्या बाईच्या अंगावर उन्हाळ्यात सुती कपडा नसावा, याची मला खंत वाटते.

सुती आणि पॉलिस्टर यांतला फरक मोजता येतो. नेहमीच्या हवेत वाळलेला कापूस आपल्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के धरतं. सुती धागा घाम शोषतो, पसरवतो आणि हवेत सोडतो. पॉलिस्टरचा धागा घाम आत घेतच नाही, म्हणून तो कातडी आणि कापड यांच्यामध्ये साचतो. रेयॉन ओलावा कापसाहूनही जास्त धरतं आणि अंगावर मऊ पडतं. मात्र ते ओलं झालं की कमजोर होतं, पायांना लपेटून बसतं आणि धुण्यात आटतं.

सगळंच सुती कापड उन्हाळ्याला चालतं असंही नाही. दुकानात नुसतं 'कॉटन द्या' म्हणण्यापेक्षा नाव घेऊन मागावं. मांजरपाट स्वस्त आणि टिकाऊ, पण सुरुवातीला खरबरीत; चार धुण्यांनंतर मऊ होतो. पॉपलिन घट्ट विणीचं असतं, साडीखालच्या परकराला तेच सगळ्यांत जास्त वापरतात. कॅम्ब्रिक पॉपलिनपेक्षा हलकं आणि मऊ. रोजच्या उन्हाळी परकराला माझी पहिली पसंती त्याला. वॉयल आणि मलमल फार गार, पण आरपार दिसणारी. त्यांचा स्कर्ट शिवायचा तर गुडघ्यापर्यंत अस्तर लावावं लागतं. इचलकरंजीच्या मागांवर विणलेलं सुती कापड आपल्याकडच्या दुकानांत सहज मिळतं. त्या गावात विठ्ठलराव दातारांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग आणला, आणि पुढे सबंध गाव कापडाचं झालं.

कापड खरोखर सुती आहे का, हे घरी तपासता येतं. काठाचे दोन-चार धागे ओढून काढावेत, चिमट्यात धरून मोरीत जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो, जळक्या कागदाचाच वास येतो आणि मागे भुरभुरीत राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक काळा मणी होतो. मिश्र कापडात थोडी राख आणि थोडा मणी असं दोन्ही सापडतं. घेण्याआधी दुकानात करायची तपासणी याहून सोपी आहे. कापड मुठीत घट्ट दाबून सोडावं. सुती चुरगळतं आणि तसंच राहतं, मिश्र कापड हळूहळू सरळ होतं.

कापड घरी आणलं की लगेच कात्री लावू नये. रात्रभर पाण्यात बुडवून ठेवावं, सकाळी न पिळता वाळत घालावं आणि किंचित दमट असताना इस्त्री करावी. नव्या सुती कापडाला खळ असते आणि ते पहिल्या धुण्याला आटतं. आटायचं ते शिवण्याआधीच आटलेलं बरं, नाहीतर पहिल्या धुण्यात परकर घोट्याच्या वर जातो.

लुगडं, परकर आणि फेटिया

आपल्याकडच्या जुन्या बायकांना परकराची गरजच नव्हती. नऊवारी लुगडं काष्टा घालून नेसलं की ते दोन्ही पायांभोवती वेगळं गुंडाळलं जातं. त्याखाली दुसरा कपडा लागत नाही. मराठवाड्यातल्या वयस्क बायका इरकली लुगडी नेसून आयुष्यभर शेतात वाकल्या, उकिडव्या बसल्या, डोक्यावर भारे घेऊन चालल्या. गोल साडी आली तेव्हा तिच्याबरोबर परकर आला, कारण निऱ्या खोचायला कमरेवर काहीतरी घट्ट हवं होतं. १८६४ मध्ये पतीबरोबर मुंबईला आलेल्या ज्ञानदानंदिनी देवी ठाकूर यांनी पारशी बायकांची साडी नेसण्याची रीत उचलली आणि आत परकर, वर जाकीट असा पोशाख बंगालमध्ये नेला. शहरांतल्या शिकलेल्या घरांतून हळूहळू ही पद्धत सगळीकडे पसरली.

लहान मुलींचं परकर-पोलकं मात्र आपलं जुनं आहे. बागलकोटजवळच्या गुळेदगुड्डचा खण आणून त्याचं पोलकं आणि परकर शिवायची रीत मराठवाड्यातही होती. त्या परकराला हमखास दोन-तीन आडवे टक घातलेले असत. मुलगी उंच झाली की एकेक टक उसवायचा, म्हणजे परकर आणखी दोन वर्षं पुरायचा. आज मुलीसाठी उन्हाळी स्कर्ट शिवताना ही युक्ती जशीच्या तशी वापरता येते.

बीड जिल्ह्यात बंजारा समाजाचे तांडे पुष्कळ आहेत. तिथल्या वयस्क बायकांच्या अंगावर अजूनही फेटिया दिसतो: भरगच्च घेराचा, कापडाच्या रंगीत तुकड्यांनी आणि आरशांनी सजवलेला घागरा. तो वजनाला जड, पण कमरेवर अरुंद दोरीने काचणारा नव्हे. त्याला रुंद, जाड, टाके घालून घट्ट केलेली पट्टी असते. घागऱ्याचा सगळा भार त्या पट्टीवर पसरतो. जड कपडा रोज अंगावर वागवणाऱ्या बायकांना ही गोष्ट ठाऊक होती. हलका परकर शिवताना आपण ती विसरलो.

नाडी काचते तेव्हा

कमरेवरचा काळा पट्टा ही आपल्याकडे इतकी नेहमीची गोष्ट आहे की तिला कोणी दुखणं मानत नाही. रोज त्याच जागी, तितक्याच घट्ट बांधलेल्या नाडीने कातडी घासली जाते. आधी वळ, मग काळेपणा, मग कातडी जाड होते आणि कोरडी पडून सोलली जाते. घाम आणि धूळ त्यात भर घालतात. ओल्या, घट्ट कपड्याखाली गजकर्ण पसरायलाही वेळ लागत नाही.

क्वचित प्रसंगी गोष्ट याहून पुढे जाते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातले रोगनिदानतज्ज्ञ डॉ. वसंत खानोलकर आणि त्यांच्या सहकारी सूर्याबाई यांनी १९४५ मध्ये कमरेला घट्ट बांधलेल्या धोतराच्या रेषेवर होणाऱ्या कातडीच्या कर्करोगाची नोंद केली. पुढे साडी नेसणाऱ्या बायकांतही असेच रुग्ण सापडले. २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी अशा दोन वयस्क बायकांची हकीकत एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. दोघींच्या कमरेवर उजव्या बाजूला बरी न होणारी जखम होती आणि तपासणीत ती कर्करोगाची निघाली. त्यांतली एक परकर वापरत असे. दुसरी लुगडं नेसणारी, परकर न वापरणारी होती. म्हणजे दोष परकराचा नाही. वर्षानुवर्षं एकाच जागी आवळलेल्या गाठीचा आहे.

हा रोग फार विरळा आहे, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण कमरेवरची जखम काही आठवड्यांत बरी झाली नाही, तिच्या कडा जाड होऊ लागल्या किंवा रक्त-पाणी येऊ लागलं, तर मलमावर न भागवता डॉक्टरांना दाखवावं. संकोचापायी बायका अशी जखम दोन-दोन वर्षं लपवतात, आणि खरा धोका तिथे असतो.

नाडी का काचते, याचं उत्तर साध्या गणितात आहे. तोच ताण अरुंद दोरीवर घेतला तर थोड्या कातडीवर जास्त दाब येतो, रुंद पट्टीवर घेतला तर तो वाटला जातो. ५ मिलिमीटरची गोल नाडी आणि २५ मिलिमीटरची सपाट नाडी सारख्याच जोराने बांधली, तर दुसरीचा दाब पहिलीच्या पाचव्या हिश्श्याइतकाच पडतो. म्हणून उन्हाळी परकरात सगळ्यांत आधी बदलायची गोष्ट नाडी. दुकानातली गोल नायलॉनची दोरी काढून टाकावी आणि परकराच्याच कापडाची एक इंच रुंद सपाट नाडी शिवून घालावी. हाताशी असलेल्या जुन्या परकरांनाही हे आजच करता येईल.

सहा कळ्यांचा हिशेब

आता प्रत्यक्ष शिवण्याकडे येऊ. समजा कंबर ३४ इंच, सीट ४० इंच आणि कमरेपासून घोट्यापर्यंतची उंची ३७ इंच आहे. कापडाचा पन्ना ४४ इंच. सहा कळ्यांचा परकर शिवायचा आहे.

परकर डोक्यावरून किंवा पायांतून सहज चढावा म्हणून वरचा घेर सीटपेक्षा २ इंच जास्त धरायचा, म्हणजे ४२ इंच. तो सहा कळ्यांत वाटला की प्रत्येक कळी वर ७ इंच येते. दोन्ही बाजूंच्या शिलाईसाठी अर्धा-अर्धा इंच धरला की कापताना वरची रुंदी ८ इंच. खालची रुंदी १७ इंच ठेवायची, म्हणजे शिवल्यावर १६ उरतात, आणि सहा कळ्यांचा मिळून पायांशी ९६ इंचांचा घेर मिळतो. विहिरीवरच्या पायऱ्या चढताना, एसटीत पाय टाकताना किंवा उकिडवं बसून भांडी घासताना हा घेर कुठेच अडत नाही.

कळीची उंची अशी काढायची: परकर ३७ इंचांचा, त्यातून वरच्या पट्टीचे २ इंच वजा, खालच्या दुमडीचे दीड इंच अधिक आणि वरच्या शिलाईचा अर्धा इंच अधिक. उत्तर पुन्हा ३७ इंचच येतं.

आता कापड वाया न जाता कळ्या कशा बसवायच्या? ३७ इंचांचा एक तुकडा पन्न्यासकट पसरावा. पहिली कळी सरळ आखायची, दुसरी तिला चिकटून उलटी, म्हणजे रुंद बाजू वर, आणि तिसरी पुन्हा सरळ. तीन कळ्यांची सरासरी रुंदी साडेबारा इंच धरली तर साडेसदतीस होतात, आणि दोन्ही टोकांच्या तिरक्या भागांचे मिळून साडेचार. एकूण ४२ इंच. ४४ च्या पन्न्यात त्या नीट बसतात आणि दोन्ही काठांना एकेक इंच सुटतो. असे दोन तुकडे कापले की सहा कळ्या तयार. दोन तुकड्यांचे ७४ इंच, कमरेच्या पट्टीला ५, नाडीला ६ आणि खिशाला ८, असा ९३ इंचांचा, म्हणजे साधारण २.३६ मीटरचा हिशेब झाला. कापड आटणार हे धरून पावणेतीन मीटर घ्यावं.

कळीचा मधला धागा उभा असतो आणि दोन्ही कडा तिरक्या पडतात. तिरकी कड हाताने ओढली तर ताणते, म्हणून शिवताना कापड ओढू नये, फक्त सुईखाली सोडत जावं. प्रत्येक शिलाई खालच्या रुंद टोकाकडून वर कमरेकडे न्यावी. उलट नेली तर वरच्या बाजूला झोळ येतो. शिलाईच्या आतल्या कडा मोकळ्या सोडल्या तर त्या मांड्यांना टोचतात आणि धागे निघतात. एक कड छाटून दुसरी तिच्यावर दुमडावी आणि वरून टीप मारावी. शिलाई सपाट बसते, धुण्यात उसवत नाही आणि घामट अंगाला घासत नाही.

सहा कळ्या जोडून झाल्या की लगेच खालची दुमड घालायचा मोह होतो. तो आवरावा. कमरेची पट्टी लावून परकर एक रात्र दोरीवर टांगून ठेवावा. कडा तिरक्या असल्यामुळे कापड आपल्या वजनाने शिलाईंपाशी थोडं लोंबतं आणि खालची किनार खालीवर होते. सकाळी परकर नेसून एखादीला जमिनीपासून पट्टीने सगळीकडे सारखं अंतर मोजायला लावावं, खडूची खूण करावी, जादा कापड छाटावं आणि मग दुमड घालावी. एवढ्या एका रात्रीच्या सबुरीने परकराची किनार नेहमी सरळ राहते.

कमरेची पट्टी, नाडी आणि खिसा

कमरेच्या पट्टीसाठी ५ इंच रुंद आणि पन्न्याइतकी, म्हणजे ४४ इंच लांब पट्टी कापावी आणि मधोमध दोन तुकडे करावेत. प्रत्येक तुकडा २२ इंचांचा. दोन्ही तुकड्यांची टोकं अर्धा-अर्धा इंच आत दुमडून टीप मारली की २१-२१ इंच उरतात, आणि दोन्ही मिळून ४२ इंचांच्या घेराला बरोबर बसतात. पट्टी दुमडून लावल्यावर २ इंचांचा नेफा तयार होतो. असा नेफा दोन तुकड्यांचा केल्याने नाडीला डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी दोन तोंडं मिळतात. परकर धुतला की नाडी दुसऱ्या तोंडातून ओवायची. गाठ एकाच जागी बसत नाही, कातडीला उसंत मिळते.

नाडीसाठी ३ इंच रुंदीच्या दोन पट्ट्या जोडाव्यात. दोन्ही कडा अर्धा इंच आत दुमडून मग पट्टी मधोमध दुमडावी आणि कडेने टीप मारावी. एक इंचाची सपाट, मऊ, घाम टिपणारी नाडी तयार होते. नाडी बांधताना पोटात श्वास घेऊन, पोट फुगवून बांधावी, म्हणजे बसताना आणि जेवल्यावर ती आवळत नाही. कमरेवर दोन बोटं सहज आत जायला हवीत. निऱ्या घसरतात म्हणून नाडी आवळणाऱ्या बायकांनी एकदा रुंद नेफा वापरून पाहावा. सुती कापडाच्या रुंद पट्टीवर निऱ्या जास्त चांगल्या धरल्या जातात, कारण सुताला पकड असते. गुळगुळीत सॅटिनवर निऱ्या घसरतात, आणि शिक्षा मात्र कमरेला मिळते.

हाच कपडा साडीखाली न घालता घरात कुर्त्याखाली घालायचा असेल, तर पुढच्या बाजूला सपाट पट्टी आणि मागे दीड इंच रुंद इलॅस्टिक अशी जोड करावी. आणि उजवीकडच्या शिलाईत खिसा जरूर ठेवावा. मोबाइल, किल्ली, सुटे पैसे हे सगळं आज बाईच्या कमरेला खोचलेलं किंवा पोलक्यात कोंबलेलं असतं. हाताचा पंजा मनगटापर्यंत मावेल एवढा खिसा शिवायला अर्धा तास पुरतो. ऊसतोडीहून परत आल्यावर उन्हाळ्यात गावातल्या कामाला जाणाऱ्या बाईला तर दोन्ही हात मोकळे लागतात. तिच्यासाठी खिसा ही गरजेची गोष्ट आहे.

नवं कापड घ्यायचं नसेल तर जुनी सुती साडी काढावी. धुऊन धुऊन मऊ झालेलं सूत नव्या कापडापेक्षा अंगाला जास्त गार लागतं. मराठवाड्यातल्या गोधड्या याच मऊपणासाठी जुन्या लुगड्यांच्या शिवतात. साडीचा पन्ना स्कर्टची उंची म्हणून वापरला तर साडीचा काठ आपोआप स्कर्टच्या खालच्या किनारीला येतो आणि दुमड घालायचं कामच वाचतं. अडीच मीटर लांबीचा तुकडा घ्यावा, वरच्या बाजूने हवी तेवढी उंची सोडून जादा कापड कापावं, हलक्या चुण्या घालाव्यात आणि रुंद पट्टीवर बसवावा. उरलेल्या साडीतून घरातल्या मुलीचा टक घातलेला परकर निघतो.

मापाचा हक्क

आज जिल्ह्याच्या जवळजवळ प्रत्येक गावात दोन-चार बायकांकडे शिलाई मशीन आहे. काही जणी बचत गटांतून शिकल्या, काहींनी शिवणक्लासला जाऊन घेतलं. २०२३ पासूनच्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकामालाही अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत धरलेली आहे. या बायकांकडे ब्लाउज रांगेने शिवायला येतात. ब्लाउजच्या मापात पाव इंच इकडेतिकडे झाला तर आपण तो परत उसवून घेतो. परकराचं माप मात्र कोणी देत नाही आणि कोणी घेत नाही.

ही सवय मोडायला हवी. घरी मशीन असेल तर या उन्हाळ्यात एक परकर स्वतः शिवून पाहावा. नसेल तर गल्लीतल्या शिवणारीकडे पावणेतीन मीटर कॅम्ब्रिक नेऊन द्यावं आणि तिला स्पष्ट सांगावं: सहा कळ्या, खाली ९६ इंच घेर, दोन इंचांचा नेफा, त्याला दोन तोंडं आणि एक इंचाची सपाट सुती नाडी. एकदा असा परकर अंगावर चढला की रंग जुळतो का हा प्रश्न आपोआप शेवटी जातो. शिवणारीलाही नवं काम मिळतं, आणि आपल्या घामाला वाट मिळते. उन्हाळा कमी करणं आपल्या हातात नाही. कमरेवरची गाठ कुठे, किती सैल आणि किती रुंद असावी, हे मात्र आपल्याच हातात आहे.